आत्याच्या तोंडाकडे बघून

विचारलंतच म्हणून सांगतो. एरवी हा विषय निघाला की मला मळमळतं. आणि तो चहा आधी संपवून टाका. मध्येमध्ये घोट घेऊ नका, तो आवाज मला आता सोसत नाही.

मी परीक्षणं लिहायचो. घरबसल्या काय बघावं, काय ऐकावं, असं रविवारच्या पुरवणीत माझं सदर होतं. सिनेमे, मालिका, गाण्यांचे अल्बम, येईल ते. थिएटरात जाऊन लिहिणाऱ्यांचा रुबाब वेगळा. माझा वाचक सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला, कंटाळला की उठून कपडे वाळत घालणारा. म्हणून माझी पद्धतही वेगळी होती. मी पडद्याकडे बघायचोच नाही. टीव्हीशेजारी स्टूल टाकायचं, पडद्याकडे पाठ करायची आणि समोर बसलेल्या आत्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. तिने मोबाइल हातात घेतला की अर्धा तारा गेला. 'थांबव जरा' न म्हणता ती स्वयंपाकघरात गेली की आख्खा गेला. पुरवणीच्या संपादकबाईंना ही भानगड माहीत होती. "तारे आत्याबाई देतात आणि मिरवता तुम्ही," असं त्या म्हणायच्या.

आईवडील गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं. जीव लावणारी, पण स्वच्छतेच्या बाबतीत महाखट. नळ बंद करण्याआधी नळाची चावी धुणार. चहाचा भुरका मारला म्हणून माझ्या एका मित्राला तिने कपासकट गॅलरीत पाठवलं होतं.

त्या दिवशी सकाळी संपादकबाईंचा फोन आला.

"एक मालिका पाठवलीय. बाकीच्यांनी हात वर केलेत. तुम्ही तरी बघा."

"का, काय आहे त्यात?"

"घाण आहे म्हणे. मी नाही पाहिली."

दुपारी जेवणं आटोपून आम्ही बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं, आत्याने पडदे ओढून घेतले. मालिकेला धड नावही नव्हतं, नुसतं 'जेवण' असं लिहिलेलं. मी ती लावली आणि स्टुलावर बसलो.

आधी बराच वेळ काहीच नाही. मग खुर्च्या सरकल्या, ताटं मांडली गेली आणि चावण्याचा आवाज सुरू झाला. नुसतं चावणं नव्हे. मचमच, चोखणं, हाडातून काहीतरी ओढून घ्यावं तसा सुर्र आवाज, मग एक ओला गिळण्याचा घोट. घरात नवे स्पीकर होते, आवाज चारी बाजूंनी अंगावर यायचा. म्हटलं, आता आत्या कडाडणार, 'बंद कर ते आधी!' चला, एका वाक्यात परीक्षण उरकलं.

आत्या कडाडली नाही. ती तोंडावर हात धरून पुढे सरकून बसली.

मग वास आला. मोरीत तुंबलेल्या पाण्याचा, शिळ्या चरबीचा, ओल्या फडक्याचा. मी उठून स्वयंपाकघर बघून आलो. तिथे सगळं लख्ख होतं, ओटा कोरडा. परत आलो तर वास होताच, उलट दाट झालेला.

"आत्या... वास येतोय का गं तुला?"

"गप्प बस. जेवण चाललंय."

तिच्या हनुवटीवर काहीतरी चकाकत होतं. मी वाकून बघितलं. तेलकट ओघळ होता. तिने तो मनगटाने पुसला आणि मनगट सोफ्याच्या उशीला पुसलं. माझ्या आत्याने! रुमालाला इस्त्री करणाऱ्या बाईने! मला तिची किळस आली. जिने मला भरवलं, तिची किळस आली, आणि त्या किळसेची लाजही वाटली.

"पुरे झालं," म्हणत मी टीव्ही बंद करायला वळलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी मध्येच पडद्याकडे बघितलं.

एक लांब टेबल होतं. पलीकडे माणसं ओळीने बसलेली. ताटं कोरडी, स्वच्छ. कुणाचेच हात दिसत नव्हते, सगळ्यांनी ते टेबलाखाली लपवले होते. कुणी चावत नव्हतं. सगळ्यांची तोंडं घट्ट मिटलेली, आणि सगळे घाबरून आमच्या सोफ्याकडे बघत होते.

आवाज माझ्या पाठीमागून येत होता.

मी टीव्हीचं बटण दाबलं, मग वायरच उपटली. पडदा काळा झाला. चावणं सुरूच होतं... सावकाश, समाधानाने. मग गिळल्याचा घोट ऐकू आला.

"लाव परत," आत्या म्हणाली. आवाज तिचाच, नेहमीचा, लाडीगोडीचा. "अजून संपलं नाही, राजा."

मी लावली नाही. संपादकबाईंना लिहून टाकलं की एकही तारा नाही, ही कुणाच्या घरात जाऊ देऊ नका. त्यांचं उत्तर आलं नाही. इकडे आत्याने जेवण सोडलं. ताट पुढे केलं की मान फिरवायची, पोट भरलंय म्हणायची. मी हात जोडले, रागावलो, लहान मुलासारखा रडलोसुद्धा. पण वाळण्याऐवजी तिचे गाल भरत चालले होते. मला फक्त माझी आत्या परत हवी होती, शिस्तीची, मला टाकून बोलणारी.

शेवटी तिनेच दाढ ठणकते म्हणून तक्रार केली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दाढदुखी म्हणजे माणसाचं दुखणं. तसाच तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी आत्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा वळवला आणि दाढेच्या फटीत चिमटा घातला. चिमट्यात आलेली वस्तू त्या दिव्याखाली धरून निरखत राहिल्या.

"यांच्या जेवणात... काय असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. त्या जेवतच नाहीत."

त्यांनी चिमट्यातली वस्तू धुतली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. ते नख होतं. आख्खं, मुळापासून निघालेलं, त्यावर लाल रंग. आत्याने जन्मात कधी नखं रंगवलेली नाहीत. तिची दहाही बोटं छातीवर शांत पडलेली होती, आणि नखं जागच्या जागी होती.

डॉक्टरीणबाई तोंड दाबून बेसिनकडे धावल्या. आत्या उठून बसली. तिने ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तरी किळस येईल तिला, आता तरी ओरडेल. तिने ते नख अलगद उचललं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावायला लागली.

मी तिचा हात धरायला पुढे झालो होतो, पण तसाच थांबलो. खोटं कशाला बोलू... माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.