रांगेतल्या फुटक्या घागरी

"मल्ल्या, थुंक! आधी थुंक!" जगदेवी ओरडली.

मल्लिकार्जुनने ओंजळ झटकली. "थुंकलो की गं अक्का! कापसावर फवारतात तसला वास हाय ह्याला!"

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. दुष्काळ मात्र जिल्ह्याआधीच येऊन बसला होता. म्हणून नगरपालिकेने नवा हापसा बसवला, तोही कुठे, तर माती टाकून बुजवलेल्या जुन्या कचरा डेपोवर! जागा फुकटची ना! हापशाशेजारी उकरलेल्या मातीतून गंजका पिंप डोकावत होता आणि त्यावर कवटीचं चित्र होतं. जगदेवीच्या घरी चार महिन्यांचा धाकटा भाऊ बसवंत होता, आणि संध्याकाळी आई याच पाण्यात त्याची दुधाची भुकटी कालवणार होती.

"मुकादमकाका, पाणी खराब हाय!"

"गप बस गं!" नगरपालिकेचे मुकादम किशनराव खेकसले. "लोकांचे घसे कोरडे पडून राहिले अन् तू वास घेऊन राहिली! चारला हापसा चालू म्हणजे चालू!"

मल्ल्या बाटलीभर पाणी घेऊन सायकलवर आरोग्य कचेरीकडे सुटला. पण साहेब येईपर्यंत लोकांना थोपवायचं कसं? जगदेवीने डोकं खाजवलं आणि गल्लीतली पोरं गोळा केली.

चारला बायका येऊन बघतात तर काय! हापशापुढे डेपोतून वेचलेल्या तीस फुटक्या घागरींची रांग!

"उचला ती घाण!" किशनराव गरजले.

"हात लावायचा न्हाई!" बायकांमधून उमाबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "आज तिचं भांडं हलवलं तर उद्या माझं हलवाल!"

त्या वर्षी लातुरात एक वेळ देव हलला असता, नंबराला लावलेली घागर नाही.

जगदेवीने पहिली घागर हापशाखाली धरली. बुडाला भोक, ती भरणार कशी? ती आपली हापसत राहिली. "काका, भरंना की अजून!" बायका चिडल्या, तिची आईसुद्धा. हात भरून आले, रडू येऊ लागलं, पण तिने दांडा सोडला नाही.

पाचव्या घागरीला जीप आली. पुढच्या सीटवर मल्ल्या ऐटीत बसलेला! आरोग्य कचेरीच्या डॉक्टर शिवमूर्तींनी पाणी हुंगलं, पिंप पाहिला आणि हापशाचा दांडाच काढायला लावला.

"विष आहे हे. कुणी प्यायलं तर नाही ना?"

किशनरावांचा चेहरा पांढराफटक पडला. दुपारीच त्यांनी दोन घागरी गुपचूप आपल्या घरी धाडल्या होत्या! ते धोतर सावरत पळत सुटले.

अर्ध्या तासाने परतले ते घामाघूम होऊन. "सांडलं! समदं सांडलं! कुणी पेलं नव्हतं!"

"टँकर मागवलाय," डॉक्टर म्हणाले. "या मुलीने वेळ काढला नसता, तर मी पोचेपर्यंत उशीर झाला असता."

"लेकरं वाचली तुमची, मुकादम," उमाबाई म्हणाल्या. "आता त्या पोरीला शाबास तरी म्हणा की!"

आणि किशनराव म्हणाले, भर रांगेत, सगळ्यांदेखत.