मॅडम आत्ताच येऊन गेल्या

दुपारी तीनला ज्ञानेश्वरी पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्यांची पिशवी घेऊन वरच्या आळीला निघाली, तेव्हा काम साधंच होतं. घरटी एक बाटली द्यायची आणि बजावायचं, नळाचं पाणी पिऊ नका. नेवाशाच्या उत्तरेला, प्रवरेकाठच्या त्या गावात ती ग्रामसेविका होती. गटाराखालची पाइपलाइन फुटली होती आणि तीन दिवसांत एकतीस माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली होती. सकाळपासून भोंग्यावर ओरडून तिचा घसा बसला होता. तालुक्याहून दर अर्ध्या तासाला फोन, आणि प्रत्येक साहेबाला तीच माहिती वेगळ्या तक्त्यात हवी.

पहिल्याच घरी छबूबाई ओट्यावर बसून तांब्यानं पाणी पीत होती. नळाचं.

"आजी! सकाळी भोंग्यावर काय सांगितलं मी?"

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "आता गं बया! तुमीच तर आत्ता सांगून गेल्या, पानी चांगलं झालं, प्या म्हनून."

"मी आत्ता येतेय, आजी."

"मंग कोन आलं हुतं? हीच साडी, हीच पिशवी."

ज्ञानेश्वरीनं कपाळाला हात लावला. वय झालंय, दुसरं काय. तिनं तांब्या मोरीत ओतला, बाटली म्हातारीच्या हातात कोंबली आणि पुढं निघाली. पण दुसऱ्या घरी सून नळाखाली हंडा भरत होती. "मॅडम आत्ताच येऊन गेल्या की!" तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी तर पोरंटोरं हसायला लागली. तिचा पारा चढला. लोक मरायला टेकलेत आणि यांना थट्टा सुचतेय!

पाचवं घर रंगनाथ तांबे यांचं. त्यांची नात नगरला आयसीयूत होती. हा माणूस थट्टा करणारा नव्हता. पण त्यांच्याही हातात पेला होता.

"मॅडम, तुमचं एक काय ते ठरवा," ते वैतागून म्हणाले. "मघाशी दारात हुभ्या ऱ्हायल्या. आत या म्हनलं तर आल्या न्हाईत. पानी मागितलं. तीन तांबे प्याल्या. म्हनल्या, मीच पितेय, मंग तुमाला काय भ्या? म्हनून आमी बी..."

बोलता बोलता ते थांबले. त्यांची नजर उंबऱ्याबाहेर गेली होती. तिथली फरशी ओली होती, प्यालेलं सगळं पाणी तसंच खाली निथळल्यासारखं. तुंबलेल्या गटाराचा उग्र वास येत होता.

तिनं पाणी सोडणाऱ्या सहादेवला फोन लावला. "वाल बंद करायला सांगितला होता ना?"

"केल्ता की! मंग तुमीच फोन केला, सोड म्हनून. दोनदा. आवाज तुमचाच हुता, मॅडम..."

ती काही बोलणार, तेवढ्यात दोन घरं पलीकडून एक बाईमाणसाचा आवाज आला. बसलेला, कंटाळलेला. "पाणी चांगलंय... प्या..."

ज्ञानेश्वरीच्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज तिचाच होता. ती धावली. दार उघडं, आतली माणसं पेले हातात धरून तिच्याकडं बघत होती आणि उंबऱ्याबाहेर पाण्याचं डबकं.

आता तिला भीतीपेक्षा संताप जास्त आला. मागं मागं धावून भागणार नव्हतं. ती तडक टाकीकडं, सहादेवपाशी गेली. "पहार घे," ती सहादेवला म्हणाली. "लाइन फोड. वाल बंद केला तर ती पुन्हा फोन करून सोडायला लावील."

"मॅडम, वरून लेखी..."

"फोड म्हणते ना!"

चार घावांत पाइप फुटला. टाकीतलं पाणी शेजारच्या घासाच्या वावरात धो धो वाहायला लागलं. मग तिनं देवळातला भोंगा लावला. "मी आत्ता देवळात आहे. तुमच्या दारात कोणी उभी असेल, तर ती मी नाही. पाणी पिऊ नका. तिला दारात उभं करू नका."

गावात धडाधड दारं लागली. मग सगळं चिडीचूप झालं.

दिवेलागणीपर्यंत नवा रुग्ण आला नाही. टँकर आला, लोकांनी मुकाट्यानं रांग लावली. ज्ञानेश्वरी देवळाच्या पायरीवर टेकली, दिवसात पहिल्यांदाच. तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या दीपा सिस्टरचा फोन आला.

"मॅडम..." दीपाचा आवाज अगदी बारीक होता. "तुम्ही... गावात आहात?"

"हो. का गं?"

"मग इथं... पाण्याचा कॅन घेऊन कोण आलंय? सगळ्या वॉर्डाला पाजलं... मला वाटलं तुम्हीच..."

"दीपा, ती कुठंय आत्ता?"

पलीकडून फरशीवर पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग, फोनच्या अगदी जवळ, ज्ञानेश्वरीचाच बसलेला, वैतागलेला घसा बोलला,

"पी गं बाई लवकर. अजून किती घरं राहिलीत माझी..."