ऑइल काळं व्हायच्या आधी

ती एका मोटारीखाली उताणी पडली होती, तेव्हा तिला आधी फक्त बूट दिसले. डावा धुळीचा आणि उजवा ऑइलने निथळणारा. बुटांच्या मागोमाग दोन चाकं आली. जो कोण होता, तो मोटारसायकल ढकलत आणत होता.

ती सरपटत बाहेर आली. गाडी देखणी होती. उंच, सडपातळ, डांबरावर पळणारी आणि डांबर संपलं तरी न थांबणारी. असली गाडी ठेवणाऱ्याला गाडीतलं थोडंफार कळत असणार, असं कोणालाही वाटलं असतं. माणसाच्या खांद्याला बॅग होती आणि बॅगेतून जनावरांना टोचायची भलीमोठी सिरिंज डोकावत होती.

"काय झालं?"

"काही नाही हो... ऑइल जरा कमी होतं, म्हणून घातलं."

"किती घातलंत?"

"मोजायच्या पट्टीवर दिसेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"एक डबा." मग नजर चुकवत तो पुटपुटला, "आणि दुसऱ्यातलं थोडं..."

तिला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून ती हसली. हात काळा होता हे तिच्या लक्षातच आलं नाही. जनावरांचा डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला.

"सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पट्टी बघितलीत ना? तिथेच चुकलं," ती म्हणाली. "या गाडीचं ऑइल वर सांगाड्यात राहतं. रात्रभर उभी राहिली की ते हळूच खाली इंजिनात उतरतं. गार असताना विचारलंत तर ती म्हणणार, माझ्याकडे काहीच नाही. आधी जरा फिरवून आणायची, अंगात ऊब आली की तीन मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायची. मग बंद करून विचारायचं."

"मग खरं सांगते?"

"गाडी सांगते. माणसांचं मला माहीत नाही."

"आमच्याकडे गाई सांगतात," तो गंभीरपणे म्हणाला. "बरं, एक सांगू? तुम्हाला मिशा आल्यात."

गॅरेजच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले आप्पा खो खो हसले. आप्पा म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं पाना चालवून त्यांचे हात आता थरथरायला लागले होते. त्यामुळे काम मुलगी करायची आणि आप्पा डोळ्यांनी करायचे. गावभर तिला 'मिस्त्रीण' म्हणत. शाळेतल्या नावाने हाक मारायला आता कोणी उरलं नव्हतं.

तिने जास्तीचं ऑइल काढलं, एअर फिल्टरचा माखलेला स्पंज धुऊन, पिळून, नवं तेल चोळून बसवला. शेवटी प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर काडीने पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका ठेवला.

"हे काय? तीट?"

"सही. आप्पांची पद्धत. ठिपका दिसला की समजायचं, हा बोल्ट नीट आवळलाय, उगाच पुन्हा पाना लावायचा नाही."

मग ती ट्रायल घेऊन आली. ट्रायल म्हणजे रस्त्याच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं.

"टाकीच्या पुढे काय आहे?" त्याने विचारलं.

"असेल काहीतरी. दुसऱ्याची गाडी टाकीच्या पुढे न्यायची नाही, हीसुद्धा आप्पांची पद्धत."

ती हे हसत म्हणाली खरी. पण तिच्या हातून दुरुस्त झालेल्या गाड्या कुठे कुठे जाऊन आल्या होत्या, आणि ती स्वतः मात्र दहा वर्षं टाकीला वळसा घालून परत येत होती. याचं वाईट वाटून घ्यायलाही तिला सवड नव्हती.

खरं दुखणं वेगळंच होतं. गॅरेजकडे कोणी सहज वळत नाही. मामेभावाच्या लग्नात ती नव्या कपड्यांत नटून गेली, तर मामींनी पहिल्या पाच मिनिटांत तिला बंद पडलेल्या गाडीपाशी नेऊन उभं केलं. मैत्रिणींचे फोन यायचे, ते "अगं, हिचा सेल्फ लागत नाहीये" म्हणून. एक मुलगा तिला बघायला आला. निघताना त्याची स्कूटर सुरू होईना. हिने ती सुरू करून दिली. आठवड्याने नकार आला, आणि नकारासोबत निरोप... स्कूटर आता छान चालतेय म्हणे. आप्पांनी दोन दिवस त्या मुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अडलेल्यांनाच आपण आठवतो, एवढी एक गाठ तिने मात्र मनाशी पक्की बांधली.

डॉक्टर वीस दिवसांनी पुन्हा आला. "ऑइल बदलायचं होतं."

"इतक्यात?"

"रानातली धूळ फार हो."

धूळ असते, हे खरं. तिने मानलं. मग तो आणखी वीस दिवसांनी आला. मग पंधरा. कधी म्हणे चेन सैल वाटते. ती दोन बोटं चेनखाली घालून दाखवायची, "हे बघा, एवढा झोल हवाच. फार ताणली तर खड्ड्यात तुटेल."

"म्हणजे सैल सोडलेलं टिकतं?"

"सैल नाही. मोजून सैल."

"हे आमच्या कंपाउंडरला सांगा. तो बायकोला दिवसातून आठ फोन करतो."

एकदा तो बसलेला असताना पावसाची सर आली. पत्र्यावर इतका ताशा वाजायला लागला, की बोललेलं ऐकू येईना. तो बॅटरी धरून तिच्याशेजारी उकिडवा बसला होता. उजेड बोल्टवर पडायला हवा होता... तो तिच्या बोटांवर पडत होता. तिने मान वर केली. त्याने घाईघाईने बॅटरी सरळ केली, ती नेमकी आप्पांच्या डोळ्यांवर.

"माझं इंजिन ठीक आहे, डॉक्टर," आप्पा म्हणाले. "खाली बघा."

त्याच्याकडे गोष्टींचा तोटा नव्हता. एका शेळीने त्याने लिहिलेली चिठ्ठी कशी खाल्ली आणि औषध न घेताच ती कशी बरी झाली, हे त्याने सांगितलं, त्या दिवशी मिस्त्रिणीच्या हातून पाना निसटला. आणि दर वेळी तिच्या ट्रेमध्ये पडणारं ऑइल मधाच्या रंगाचं असायचं. ते तिला दिसत होतं. वापरून झालेलं ऑइल काळं पडतं, हे तिला नाही तर कोणाला कळणार? पण धूळ फार, असं तो म्हणाला होता, आणि तिला ते मानायचं होतं.

मग एका गुरुवारी तो गाडी न घेताच आला. दारातच उभा राहिला.

"बदली झाली," तो म्हणाला. "वरच्या कुरणांवर. नऊ तासांची वाट आहे. दोन वर्षं."

"तिथे गॅरेज...?"

"मेंढ्या आहेत. गॅरेज नाही."

तिने हातातलं फडकं घडी घालून ठेवलं. त्या फडक्याची घडी आजवर कोणी घातली नव्हती. "रविवारी या," ती म्हणाली. "सगळं शिकवते. स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे."

तीन दिवस तिच्या मनात एकच पापी विचार घोळत होता. एखादी गोष्ट राखून ठेवली तर? बोल्टखालचा वॉशर दर वेळी नवा घालायचा, हे सांगितलंच नाही तर? थेंब थेंब गळेल, महिन्याभरात झक मारत यावं लागेल. नीट शिकवलं, तर याला परत यायचं काही कारणच उरत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत तिने हे दहादा ठरवलं आणि दहादा मोडलं. कुरणावरच्या एखाद्या वळणावर, त्याच्या गाडीखाली सांडलेल्या ऑइलचा डाग तिला दिसायला लागला, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

रविवारी ती शेजारी स्टूल घेऊन बसली. "हात लावणार नाही मी. तुम्हीच करा."

त्याने गाडी एक चक्कर फिरवून गरम केली. ट्रे सरकवला. आधी सांगाड्याखालचा बोल्ट काढला, मग इंजिनाखालचा. ती सांगायला तोंड उघडायची आणि त्याचं करून झालेलं असायचं. जुने वॉशर फेकून त्याने नवे घेतले. नव्या फिल्टरच्या रबरी कडीवर बोटाने ऑइल फिरवलं. बोल्ट आधी हाताने फिरवून नीट बसवले, मग पाना लावला. आणि जोर करायची वेळ आली तेव्हा थांबला, पुरे एवढं, म्हणाला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच. पहिल्या दोन वेळांतच."

एवढ्यात आप्पा काठी टेकत आले आणि ट्रेमध्ये डोकावले. मधाच्या रंगाचं ऑइल उन्हात चमकत होतं.

"हे काढलंय की घालायचंय?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, "चहा बघतो मी," म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले. चहा त्यांना करता येत नसे.

"म्हणजे... तुम्हाला सगळं येत होतं," ती म्हणाली. "नऊ वेळा. नऊ वेळा मी चांगलं ऑइल फेकून दिलं."

"रिकाम्या हाताने कसं येणार? काहीतरी काम हवं ना... तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून. मिशांसकट."

हे ऐकायला आपण सहा महिने कान टवकारून बसलो होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि रागही त्याच क्षणी आला. कारण यालासुद्धा, मामींसारखं, मैत्रिणींसारखं, तिच्यापाशी यायला एक बिघाड लागला होता. खोटा का असेना.

"काम असताना सगळेच येतात, डॉक्टर," ती म्हणाली.

तिने फळीवरची पिवळ्या रंगाची बाटली काढली, झाकण घट्ट लावलं आणि त्याच्या हातात दिली. "आवळून झाल्यावर लावत जा. विसरू नका."

सोमवारी पहाटे तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज टाकीपाशी वळला नाही, हे तिला अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू आलं.

पुढचे तीन महिने गॅरेज नेहमीसारखं चाललं, असं म्हणायचं. फक्त आप्पांना कोणी हसवेना आणि एका चारचाकीत तिने एअर फिल्टर उलटा बसवला. तिच्या आयुष्यातली ही पहिली चूक. आप्पा बघत होते. तिने सुटा करून सुलटा बसवेपर्यंत नुसती बॅटरी धरून उभे राहिले. बॅटरी थरथरत होती.

मग एका मंगळवारी, भर दुपारी, ती मोटारीखाली असताना बूट दिसले. दोन्ही धुळीचे.

ती बाहेर आली. त्याच्या भुवयांवरसुद्धा धूळ होती. नऊ तास गाडी चालवलेला माणूस, नीट उभंही राहवत नव्हतं त्याला. तिच्या तोंडात सवयीने जे येतं तेच आलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? एवढ्या लांबून..." ती गाडीपाशी बसलीच. इंजिन गरम होतं. तीन मिनिटं जागेवर चालू ठेवून तिने बंद केलं, पट्टी काढून पुसली, घातली, पुन्हा काढली. ऑइल अगदी खुणेवर. चेनखाली दोन बोटं घातली. मोजून सैल. स्पंज धुतलेला, तेल चोळलेला. आणि बोल्टांवर... प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका. मोठे, धांदरट ठिपके. एक तर बोल्ट सोडून शेजारीच पडलेला.

त्या चुकलेल्या ठिपक्यावरून तिने बोट फिरवलं. पाना लावावा अशी एक जागा उरली नव्हती.

"यात काही काम नाहीये," ती म्हणाली.

"माहितीये मला. कालच सगळं केलं."

"मग आलात कशाला?"

"काम नाही म्हणून," तो म्हणाला. "तुम्हाला बघायला. उद्या संध्याकाळपर्यंत रजा आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा येईन, तेव्हाही काम नसेल. दोन वर्षं असंच विनाकामाचं येत राहणार. चालेल?"

तिचे डोळे भरून आले. ते तिने मनगटाने पुसले. बोटांनी पुसले असते तर पुन्हा मिशा आल्या असत्या.

"चावी द्या."

"कशाला?"

"ट्रायल घ्यायचीय."

"दुरुस्त तर काहीच केलं नाही!"

"म्हणूनच. बसा मागे."

कोपऱ्यातून आप्पांचा आवाज आला, "जेवायला दोन माणसं धरू की तीन?" ती हसली, ते त्यांना पुरलं.

रस्ता मोकळा होता. मागे बसलेल्या डॉक्टरने हात कुठे ठेवावेत, याचा दोनदा विचार केला आणि शेवटी तिच्या खांद्यावर ठेवले, अगदी हलके. दुतर्फा झाडं मागे पळत होती. समोर पाण्याची टाकी मोठी मोठी होत आली. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचा हात ब्रेकवर गेला.

"टाकी आली," तो तिच्या कानाशी म्हणाला. "दुसऱ्याची गाडी पुढे न्यायची नसते ना?"

ब्रेकवरची बोटं तिने एकेक करून उचलली.

"दुसऱ्याची कुठाय?" ती म्हणाली आणि वळण मागे टाकून गाडी पुढे काढली.