बेटावरचं खोबरं

फुलंब्रीच्या सरूचं नाव निघालं की आमची छाती आजही फुगते. कापूस वेचणाऱ्या चतुराबाईची ही लेक. औरंगाबादला शिकली आणि थेट सातासमुद्रापलीकडच्या बेटावर जाऊन आली. तिथं पूर्वी अणुबाँबच्या चाचण्या झालेल्या, तिथली माणसं बेटावरून हलवलेली. आता माती खरवडून बेट साफ केलं होतं. माणसांनी परत यायला किती किरणोत्सर्ग चालेल, हे ठरवणाऱ्यांत आमची सरू होती, बरं का!

त्या दिवशी ती सुट्टीवर घरी आलेली. माणसांना बेटावर परत न्यायचं का, हो की नाही, ते संध्याकाळी साहेबांना फोनवर सांगायचं होतं. आकडा मर्यादेत बसत होता, पण एका अटीवर. बेटावरचा नारळ कुणी खायचा नाही, कारण मातीत खोल उरलेला किरणोत्सर्ग मुळांतून नारळात उतरतो. साहेब म्हणाले, पाटी लावू, लोक ऐकतील. सरूलाही ते पटलं होतं.

तिन्हीसांजेला वीज गेली. आई शेजारी गेलेली, घरात सरू एकटीच. आणि स्वयंपाकघरातून वास आला... ओल्या वाळूचा, खाऱ्या पाण्याचा. फुलंब्रीत कुठला आलाय समुद्र? मग खोबरं खवल्याचा आवाज. खर्र... खर्र...

धीर करून ती कंदील घेऊन आत गेली. कुणीच नव्हतं. खवणी कोरडी होती.

तेवढ्यात मागच्या दारानं आई आली.

"तुझी पाहुणी गेली व्हय गं?"

"कोण... पाहुणी?"

"परसात उभी होती. केस ओले, कडंवर लेकरू. बोली काय कळंना, पण खवलेलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं."

"तू खाल्लंस?"

"मग? नारळाला नाय म्हणतं का कुणी?"

सरूनं आईचा हात कंदिलाजवळ ओढून पाहिला. पाटीचं काय घेऊन बसलात! दारचा नारळ कोणती माय लेकराला नाकारणार?

फोन वाजला. साहेबांनी समजावलं, तापले, बढतीची आठवण करून दिली. सरू ताठ उभी होती. लेकरं नारळ खाणार असं धरून हिशोब मांडा, म्हणाली, तोवर माझं उत्तर 'नाही'च. चतुराबाईला त्या इंग्रजीतलं एक अक्षरही कळलं नाही, पण लेकीचा तो आवाज ऐकून अभिमानानं तिचे डोळे भरून आले.

मग तिनं पदराखालची वाटी पुढं केली.

"तुझा वाटा बी दिलाय तिनं. तुझ्या फोटोकडं बोट करून..."

कोपऱ्यातल्या बॅगेत, बंद करून ठेवलेलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र टकटकू लागलं.