तळाची खरपुडी

त्या शनिवारी समुद्रकाठच्या सॉल्टपॉन्डमधल्या एका बारशाला, कार्यांचा स्वयंपाक करणाऱ्या अराबा आणि तिची आई अंगणात जोलोफ भात शिजवत होत्या. टोमॅटो-मिरचीचा लालभडक रस्सा आटून तेल वर आलं, तसे अराबाने तांदूळ वैरले आणि पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं. मांडव घालणारा फिफी खुर्च्यांची चळत घेऊन मुद्दाम धुराच्या बाजूने आला. त्याचा हात झाकणाकडे गेला...

"हात लावून तर बघ," अराबा म्हणाली.

"नुसता वास घेतोय."

"वास समुद्रापर्यंत जातोय. तिकडे जाऊन घे."

तो हसला. मागच्या कार्याची तर फारच छान होती, असं जाता जाता म्हणाला. काय छान होती — अराबाला कळलं नाही. विचारायला तोंड उघडलं आणि नेहमीसारखं मिटलं.

पंगत उठल्यावर आईने पातेल्याचा तळ खरवडला. तिखट, कुरकुरीत, जराशी करपलेली खरपुडी पानात बांधली. कुणासाठी, असं अराबाने विचारलं.

"वाट बघणाऱ्यासाठी," आई म्हणाली, आणि कमरेचं कापड झटकून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई झोपेतून उठलीच नाही.

तिथल्या रीतीप्रमाणे काही आठवड्यांनी दफन झालं. त्यानंतरच्या रविवारी आभाराची प्रार्थना होती, मग सगळ्यांना जेवण. मावश्यांनी अराबाला काळं-पांढरं नेसवून खुर्चीत बसवलं होतं. तिने आल्यागेल्याचा हात हातात घ्यायचा. चूल पेटवायला केप कोस्टहून बाई आली होती. अराबाने बराच वेळ हात हातात घेतले. मग उठली, कापड खोचलं आणि आईचं लांब दांड्याचं उलथणं उचललं. लोक काय म्हणतील, असं थोरल्या मावशीने विचारलं.

"जेवतील," अराबा म्हणाली.

लोक जेवले. दोनदा वाढून घेऊन जेवले.

संध्याकाळी वारा सुटला. मांडवाच्या दोऱ्या सोडता सोडता फिफीने सांगितलं, की तो टाकोराडीला चाललाय, काकांच्या धंद्यात. "काका केव्हापासून बोलावतायत. पण तू दर कार्याला खरपुडी पाठवायचीस. तुझ्या आई म्हणायच्या, अराबाने दिलीय... तेवढ्यावर थांबलो होतो. तू स्वतः मात्र कधी काही बोलली नाहीस."

अराबाने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"मी एकदाही पाठवली नाही," ती म्हणाली. "ती आईच द्यायची."

त्याचा हात दोरीवरच थांबला. "अच्छा," एवढंच म्हणून तो गाठीकडे बघत राहिला.

अराबा चुलीपाशी गेली. आईने सगळं ओळखलं होतं, आणि लेकीला कधी टोकलं नव्हतं... तिचे डोळे भरून आले, आणि हसूही आलं. तिने तळ खरवडला. पान शोधत बसली नाही. गरम खरपुडी तशीच ओंजळीत घेऊन परतली.

"ही मी आणलीय," ती म्हणाली. "मला तू आवडतोस, फिफी — पहिल्यापासून. जाऊ नकोस."