कपडे धुणाऱ्या बाईची मापं

“पान मी कापलेलं नाही,” खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. “पण मी काळी आहे. तेवढा पुरावा त्यांना पुरला.”

ती वैद्यकीय संग्रहालयात संशोधक होती. शंभर वर्षांपूर्वीच्या एका नामांकित डॉक्टरची मापवही तिथे होती. सूचीप्रमाणे त्या वहीतल्या एका पानावर तिच्या पणजीची मापं होती. पणजी डॉक्टरच्या घरी कपडे धुवायची. काल दुपारी तिने पहिल्यांदाच वही उघडली, तर नेमकं तेच पान गायब. तिनेच जाऊन सांगितलं. मग तिच्या खणात पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड मिळालं. आज संध्याकाळपर्यंत राजीनामा, नाहीतर पोलीस, असं संचालकांनी बजावलं होतं.

वहिनींनी चष्मा चढवला. गुप्तहेर म्हणून त्यांचा दबदबा होता. पण सोबत हिंडणारे दीर, निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना ‘वहिनी’ म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले.

“कसली मापं?” भाऊजींनी विचारलं.

“कंबर, मांड्या, ओठ,” तिने वहिनींकडे बघत सांगितलं. “ काळ्या बायका जन्मतःच वासनेच्या, हे ‘सिद्ध’ करायला. बायकांवर प्रेम करणाऱ्या गोऱ्या बायकाही त्याने मोजल्या. त्यांची मापं आमच्याशी जुळली, की त्या विकृत! छापील ग्रंथात तसंच आहे.”

भाऊजी उठून चपला घालू लागले.

संग्रहालयात वहिनींनी वहीवर भिंग धरलं. गेलेल्या पानाची शिवणीजवळची कड मऊ, कापसासारखी तंतू सुटलेली. समोरचं पान सुरकुतलेलं, त्यावर जांभळट डाग.

“शाई सांडली असेल,” भाऊजी म्हणाले.

“डॉक्टर कॉपिंग पेन्सिलीने लिहायचा,” संशोधिकेने वहिनींना सांगितलं. “ओल लागली की ते अक्षर जांभळं होतं.”

पहारेकऱ्याने सांगितलं, “या बाई काल दहा मिनिटंच वहीपाशी होत्या. मी शेजारीच उभा होतो. त्याआधी सकाळभर वही संचालकसाहेबांच्या खोलीत.”

डॉक्टरचा म्हातारा नातू बाकावर बसला होता. नव्या दालनाला आजोबांचं नाव लागणार होतं. “मी वही काचेतूनच पाहिलीय,” तो म्हणाला. “आजोबांना एक बहीण होती. मैत्रिणीबरोबर राहायची. तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. घरात तिचं नाव काढायचं नाही.”

संचालक मात्र ठाम होते. “हिला पणजीची लाज वाटली असेल. या लोकांना भावना आवरत नाहीत. रक्तातच असतं ते.”

“अंगठ्याला हे जांभळं काय लागलंय?” भाऊजींनी सहज विचारलं.

“शिक्क्याची शाई.” संचालकांनी पाहुण्यांच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. शिक्का हिरवा उमटला.

दुपारी वहिनींनी सगळ्यांना वाचनकक्षात बोलावलं आणि एक आरसा मागवला.

“ब्लेडने कापलं असतं, तर कड सरळ आली असती. ही कड भिजून सुटलीय. शिवणीत ओला दोरा ठेवायचा, वही मिटायची, तासाभराने पान अलगद हातात येतं. संशोधिकेकडे दहा मिनिटं होती, तीही पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर. नातवाने वहीला हात लावला नाही. संचालकांकडे अख्खी सकाळ होती.”

“काहीतरीच!”

“शिक्का हिरवा, मग अंगठा जांभळा कसा? तुमचा दोरा जरा जास्तच भिजला, साहेब. पेन्सिलीचं अक्षर विरघळून समोरच्या पानावर उलटं उमटलं.”

त्यांनी आरसा धरला. भाऊजींनी अडखळत वाचलं: “काळी नोकराणी आणि माझी बहीण. दोघींची मापं इतर गोऱ्या बायकांसारखीच. फरक नाही. ग्रंथासाठी आकडे बदलावेत.”

नातवाने तोंडावर हात ठेवला.

“म्हणजे निकाल आधी ठरला आणि शरीरं मागून मोजली,” वहिनींचा आवाज चढला. “एकीला जनावर ठरवलं आणि तिच्याच मापाने दुसरीला वेडी! पान कुठंय?”

“जाळलं,” संचालक पुटपुटले. “उद्घाटन आठवड्यावर आलंय. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा आज कुणाला त्रास?”

“मला!” संशोधिका उसळली. “आज सकाळी ‘रक्तातच असतं’ कोण म्हणालं? ते पुस्तक अजून तुमच्या तोंडून बोलतंय.”

नातू काठी टेकत उठला. “दालनाला ते नाव लागणार नाही.”

“नाव काढून भागायचं नाही, आजोबा,” संशोधिका म्हणाली. “ हे उमटलेलं पान आणि हा आरसा दारातच मांडा. येणाऱ्याने वाचल्याशिवाय आत जायचं नाही.”

 म्हातारा म्हणाला, “खाली माझ्या आत्याआजीचंही नाव लिही.”

बाहेर पायऱ्यांवर भाऊजींनी तिला गाठलं. “पोरी, सकाळी तू आलीस तेव्हा मलाही वाटलं होतं, की पान तूच…”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर मी तुमच्याशी नाही, वहिनींशी बोलत होते.”