साळसकर बाईंचा पाच वर्षांनंतरचा जबाब

रत्नागिरीच्या मनोबिंब प्रयोगशाळेत कुमुदिनी साळसकरची चाकांची खुर्ची दारातच अडकली. इच्छामरणाच्या अर्जांची सुनावणी होते त्या खोलीचं दार खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद होतं. शेवटी तिच्या धाकट्या भावाने, भालचंद्रने, बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार भिंतीला टेकवून ठेवलं.

“जायची परवानगी मागायला आलेय, आणि हे आतच येऊ देत नाहीत,” कुमुदिनी म्हणाली.

ती एकेकाळी कबड्डीची पंच होती. आठ वर्षांपूर्वी स्पर्धेहून परतताना जीप उलटली आणि मानेखालचं शरीर निकामी झालं. आवाज मात्र मैदानावरचाच राहिला. अकरा महिन्यांपूर्वी तिने अर्ज केला, तेव्हापासून भालचंद्र तिच्याशी रोज भांडत होता. भांडता भांडता भरवत होता, त्यामुळे जेवण लांबायचं.

समितीचे अधिकारी टेकाळे फाईल उघडून बसले होते. शेजारी मेंदूतज्ज्ञ डॉ. रेहाना मुजावर होत्या.

“कायदा एवढंच म्हणतो,” टेकाळे म्हणाले, “की मरणाची इच्छा पाच वर्षं टिकणारी असेल, तरच परवानगी द्यावी.”

“पण त्यासाठी माणसाला पाच वर्षं ताटकळत ठेवणं क्रूरपणाचं,” डॉ. मुजावर कुमुदिनीकडे वळून म्हणाल्या. “म्हणून आम्ही तुमच्या मेंदूची गणिती प्रतिकृती केली. मनोबिंब. त्याला जाणीव नसते, पण तुमच्या आठवणी, तुमचा स्वभाव त्यात आहे. संगणकात ते पाच वर्षं दहा मिनिटांत जगतं. मग आम्ही त्याला विचारतो. तुम्ही जे उत्तर दिलं असतं, तेच ते देतं.”

“मग काय म्हणाले मी?”

डॉक्टरांनी टेकाळेंकडे पाहिलं. टेकाळेंनी चष्मा पुसला.

“आम्ही ते दोनदा चालवलं. एकदा बिंबाला परवानगी नाकारली. पाच वर्षांनंतरही त्याला मरायचंच होतं. शिवाय माझ्याविषयी काही शब्द होते, ते नोंदीत घेतलेले नाहीत. दुसऱ्यांदा परवानगी दिली. तेव्हा बिंब पाच वर्षांनंतर म्हणालं, ‘सध्या नको. जायचं तेव्हा जाता येतं म्हटल्यावर घाई कशाला?’”

भालचंद्र उभाच राहिला. “मग द्या की परवानगी! आत्ताच्या आत्ता द्या!”

“अहो, काल तर तुम्ही विरोधाचा अर्ज दिलात!”

“तो फाडा!”

“तसं होत नाही,” टेकाळे कळवळून म्हणाले. “नाकारली तर इच्छा टिकते, म्हणजे द्यायला हवी. दिली तर टिकत नाही, म्हणजे नाकारायला हवी. तीन दिवस मी या दोन वाक्यांत फिरतोय.”

कुमुदिनी मात्र संतापली होती. आपलं पत्र आपल्याआधी कुणीतरी फोडून वाचावं, तसं तिला वाटत होतं. पाच वर्षांनंतरची कुठलीशी बाई तिच्या वतीने बोलून मोकळी झाली होती. मैदानात तिने असला आगाऊपणा कुणाचाच चालवून घेतला नव्हता.

“डॉक्टर, हे दोन निकाल त्या बिंबाला माहीत होते?”

“नाही. ते चालवल्यावरच मिळाले ना.”

“मला आता माहीत आहेत. मग ते बिंब माझं कसं?”

डॉ. मुजावर सावकाश म्हणाल्या, “नाही. आता नाही. निकाल ऐकला की ऐकणारा बदलतो.”

“सोपं आहे,” टेकाळे उत्साहाने म्हणाले. “नवं बिंब करा. त्याला हे सगळं सांगा.”

“आणि त्याचं उत्तर मला कळवणार?”

“कायद्याने कळवावंच लागतं.”

“म्हणजे मी पुन्हा बदलणार.”

टेकाळेंनी पेन खाली ठेवलं. चार वर्षांत या यंत्राने दोनशे अर्ज निकाली काढले होते, आणि निकाल ऐकलेल्या माणसाबद्दल त्याला काहीच सांगता येत नव्हतं. विचारायला आता एकच जण उरलं होतं.

“साळसकर बाई,” ते अवघडून म्हणाले, “तुम्हांला स्वतःला काय हवंय?”

अकरा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिचे भरून आलेले डोळे पुसायला भालचंद्र पुढे आला, तर त्याचेच वाहत होते.

“परवानगी,” ती म्हणाली. “वापरीन की नाही, ते तुम्हांला सांगणार नाही. यंत्रालाही नाही.”

टेकाळेंनी सही केली. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं : ‘अर्जदाराने मागितली म्हणून.’

बाहेर उतारावर खुर्ची ढकलताना भालचंद्र म्हणाला, “अक्का, मला तरी सांगशील ना?”

“तुला सांगेन. आदल्या दिवशी.”

“आदल्या दिवशी कशाला?”

“म्हणजे तुला रडायला वेळ मिळेल, आणि मला ते बघायला.”

तो हळूच म्हणाला, “पण मग आज नाही सांगितलंस, म्हणजे उद्या नक्की नाही!” आणि आनंदाच्या भरात त्याच्या हातून खुर्ची उतारावर सुसाट सुटली.

“भालू, धर! मेल्या, मोडायला दुसरी मान नाहीये मला!”